तोट्याचा हिशेब

काही शब्द असे असतात की ते उच्चारले असता वाद आपोआप मिटतो. ‘तोटा’ हा शब्द त्यांपैकीच होय. अमक्या धंद्यात तोटा आहे असे एकदा ठरले की शहाणा व्यापारी तो धंदा आवरता घेतो, आणि त्याच्या शहाणपणाविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु पेढीच्या वहीतील हा शब्द नगराच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेता येतो की काय, ह्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. मुंबईच्या उपनगरांतील बसगाडीने तो विचार आता अपरिहार्य केला आहे.

दोन निर्णय शेजारी ठेवून पाहू. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरील टोल हलक्या मोटारींना माफ केला. ह्या नाक्यांपैकी दोन मुलुंडच्या हद्दीवर व एक बोरिवलीच्या पलीकडे दहिसरला आहे. तोवर एका मोटारीस ४५ रुपये द्यावे लागत. ह्यानंतर सात महिनेही लोटले नाहीत तोच, ९ मे २०२५ रोजी, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांचे १० रुपये झाले, व वातानुकूल बसचे ६ रुपयांचे १२.

हे निर्णय एकाच हाताने केलेले नाहीत, आणि प्रत्येकाची स्वतंत्र बाजू मांडता येते. टोलनाक्यांवर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत, त्यात वेळ व इंधन दोन्ही फुकट जाई. इकडे बसचे भाडे जुलै २०१९ मध्ये उतरवल्यापासून जवळजवळ सहा वर्षे स्थिर होते, आणि मधल्या काळात डिझेल, पगार, सुटे भाग ह्यांपैकी काहीही स्थिर राहिले नव्हते. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. टोलमाफीमुळे ठेकेदाराचे जे उत्पन्न बुडाले त्याची भरपाई सरकारी तिजोरीवर आली. तीस कोणी तोटा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ‘दिलासा’ हा शब्द मात्र पुष्कळ ऐकला. बसची तूट तेवढी तोट्यात जमा होते.

मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर महापालिकेने बारा हजार कोटींहून अधिक रक्कम खर्चिली, टोल ठेवला नाही, आणि दुचाकी व रिक्षा ह्यांस तेथे मज्जाव केला. ह्या मार्गाचे वार्षिक उत्पन्न किती, तो नफ्यात चालतो की तोट्यात, हा प्रश्न विचारणारा मनुष्य विक्षिप्त ठरेल. रस्ता हा रस्ताच आहे. तो मिळवत नाही, तो वापरायचा असतो. आमचे म्हणणे एवढेच की बसही वापरायचीच असते. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, व त्यात बेस्टसाठी १ हजार कोटी ठेवले होते. म्हणजे शेकडा दीड टक्काही नव्हे. एका ठिकाणी खर्चिलेल्या रुपयास ‘विकास’ म्हणावे व दुसऱ्या ठिकाणच्या रुपयास ‘अनुदान’, हा भेद हिशेबनिसाने केलेला नाही. तो आपल्या मनाने केलेला आहे.

तो पूर्वीपासून असाच होता असेही नाही. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी जो करार झाला त्यात तिच्या भांडवलावर शेकडा ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी जी पहिली आगगाडी बोरीबंदराहून घाटकोपर-मुलुंडच्या शिवारांतून ठाण्यास गेली, ती ह्या हमीच्या बळावर. उत्पन्न कमी पडेल तेव्हा भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून व्हावयाची. अर्थात देशावरच्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून विलायतेतील भागीदाराचे व्याज भागावयाचे. तेव्हा सार्वजनिक तिजोरीने वाहतुकीची तूट सोसणे ही आजची नवी कल्पना नव्हे. नवे आहे ते इतकेच की भागीदाराच्या जागी आता उतारू आला आहे, आणि तो आल्याबरोबर तिजोरीस काटकसर आठवली आहे.

बेस्टच्या इतिहासात ह्याहून चांगले उदाहरण सापडते. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी बस सुरू झाली. १९४७ साली हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. अंधेरी व घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली व मुलुंड १९५७ साली, आणि लाल बस त्यांच्या मागोमाग उत्तरेकडे गेली. उपक्रमाची वीज मात्र जुन्या शहरातच, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, राहिली. पुष्कळ वर्षे ह्या विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत असे. म्हणजे मलबार हिलवरच्या बंगल्यात दिवे लागले की भांडुपच्या डोंगरउतारावरील मजुराची बस चालत असे, आणि ह्या दोघांना एकमेकांची कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. कोणी कोणावर उपकार केल्याचे दुःख नाही, घेतल्याची लाज नाही. नगर म्हणजे काय हे सांगावयास आम्हांस ह्यापेक्षा सोपे उदाहरण सुचत नाही. पुढे २००३ च्या वीज कायद्यानंतर ह्या व्यवस्थेवर आक्षेप आले. विजेच्या ग्राहकाने बसचा भार का वाहावा, हा तो आक्षेप. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. परंतु ती व्यवस्था मोडताना तिच्या जागी दुसरी टिकाऊ व्यवस्था उभी करावयाची राहून गेली. स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या व भाडेकराराच्या गाड्या आल्या. एके काळी चार हजारांहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या उपक्रमाजवळ आता स्वमालकीच्या काही शेकडाच उरल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवास कोणाचा? तिकीट ज्याच्या हाती आहे त्याचा, असे उत्तर सहज सुचते, आणि जो हौसेने माथेरानास निघाला आहे त्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण मुलुंडच्या इमारतीत धुणीभांडी करण्यास दुरून येणारी बाई प्रवासाच्या हौसेने येत नाही. अंधेरीची कचेरी नऊ वाजता उघडावी, रुग्णालयात परिचारिका वेळेवर उभी असावी, आमच्या घरची भांडी दहाच्या आत घासून व्हावीत, ह्यासाठी ती माणसे प्रवास करतात. प्रवासाचे फळ धनी, कचेरी व नगर ह्यांच्या पदरी पडते. किंमत एकट्या उतारूने द्यावयाची. भाडे दुप्पट झाले तेव्हा जाऊन-येऊन दिवसाचे १० रुपये वाढले, सव्वीस दिवसांचे २६०. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात ही रक्कम एका संध्याकाळच्या उपाहारगृहात दिसेनाशी होते. त्या बाईच्या घरी ती दिसते. ती कदाचित बस सोडून पायी येऊ लागेल. आणि तसे झाल्यास उपक्रमाच्या वहीत एक उतारू कमी झाल्याची नोंद होईल, तिच्या पायांची होणार नाही.

आणि बस परवडत नाही किंवा येत नाही म्हणून लोक जिकडे लोटले जातात त्या आगगाडीची वही तर रक्ताने लिहिलेली आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्यानजीक भरल्या गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले व त्यांतील काही मरण पावले, तेव्हा चार दिवस हळहळ झाली. पाचव्या दिवशी गाडी तशीच भरली.

ह्यावर सुशिक्षित मंडळींचे आक्षेप आहेत. उपक्रमाचा कारभार ढिसाळ आहे, हा एक. असेलही, तसे असल्यास कारभार सुधारावा. रस्त्याला खड्डे पडतात म्हणून रस्त्याचे पैसे बंद करा असे कोणी म्हणत नाही. स्वस्त वस्तूची किंमत राहत नाही, हा दुसरा आक्षेप. तो बहुधा फुकट पार्किंगच्या जागी मोटार उभी करून केला जातो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याने मुंबईकराच्या बसचा भार का उचलावा? एस.टी.च्या गाडीत २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे आहे, ते राज्याने भरले तर त्यात राज्यातील सर्व स्त्रियांचा वाटा आहे. मुंबईच्या बसचे तसे नाही. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. भार मुंबईनेच उचलावा. पण मुंबईतील कोणी, हे त्यानंतर ठरवावे लागेल, आणि तेथे आमची मंडळी गप्प बसतात.

कारण उत्तर घराजवळचे आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मार्गिका २०२२-२३ मध्ये पूर्ण झाल्या. स्थानक जवळ आले की घराचा भाव चढतो. तो चढवण्यासाठी घरमालकाने काही केलेले नसते. मुंबईत एप्रिल २०२२ पासून घरखरेदीवर एक टक्का मेट्रो-अधिभार आहे, म्हणजे तत्त्व सरकारला ठाऊक आहे; बसपर्यंत मात्र ते पोचलेले नाही. फ्रान्सने १९७१ पासून पॅरिस भागातील मालकवर्गावर वाहतुकीचा कर बसवला, कारण कामगार वेळेवर येण्यात लाभ मालकाचा असतो. लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर आकार ठेवला व ते उत्पन्न वाहतुकीकडे वळवले. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातही रस्त्याची जागा वाहनांस नव्हे तर माणसांस धरून वाटावी असे म्हटले आहे. धोरण छापून झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाक्यावर सूट मिळाली ती वाहनास.

२०२५ ची भाडेवाढ झाली तेव्हा महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. ज्याच्याकडे जाऊन तक्रार करावी असा वॉर्डातला मनुष्यच नसताना लाखो उतारूंचा दैनिक खर्च दुप्पट झाला. हे नियमास धरून होते. त्यास न्याय म्हणावयास आमची जीभ वळत नाही.

आता आगारांच्या जमिनी विकसनास देऊन पैसा उभारण्याच्या योजना पुन्हा चर्चेत आहेत. जमीन मोलाची आहे, त्यावर मनोरे उठतील, एकरकमी उत्पन्न येईल आणि एखाद्या वर्षाचा तोटा वहीतून पुसला जाईल. परंतु आगार म्हणजे बस रात्री उभी राहण्याची जागा. ती आक्रसली तर गाडी दुरून, रिकामी, डिझेल वा वीज जाळीत यावी लागेल, आणि पहाटे साडेचारच्या सुमारास बोरिवली स्थानकाकडे निघालेल्या माणसाला पहिली फेरी तेवढीच उशिरा मिळेल.