मठाचें धन कोणाचें?

ज्यानें देवासाठीं सर्वस्व सोडिलें, त्यानें तेंच धन इतरांच्या सोबतीनें पुन्हा बाळगिलें, तर त्यास निर्धन म्हणावें काय? यूरोपांतील प्राचीन ख्रिस्ती मठांचा इतिहास वाचितांना हा प्रश्न मनांत येतो.

सहाव्या शतकांत इटलींत बेनेदिक्त यानें मठवासीयांसाठीं नियम लिहिले. पुस्तक किंवा लेखणीसुद्धां कोणी 'माझी' म्हणूं नये, सर्व वस्तु सर्वांच्या असाव्या. प्रार्थनेबरोबर हातांनीं कामही करावें. मठांतील कारागिरांचा माल बाजारभावापेक्षां किंचित् स्वस्त विकावा, म्हणजे लोभ शिरणार नाहीं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. लोभ प्रथम तराजूपाशींच येऊन उभा राहतो.

पुढें राजे व सरदार आपल्या आत्म्याच्या कल्याणार्थ मठांस गांवेंच्या गांवें देऊं लागले. पॅरिसजवळील सेंट जर्मेन मठाचा अधिपति इर्मिनो यानें नवव्या शतकाच्या प्रारंभीं जमिनींचें व कुळांचें मोठें दफ्तर करविलें. त्यांत बोदो नांवाच्या कुळाची नोंद आहे. बायको एर्मेंत्रूद, मुलें तीन. त्यानें दर आठवड्यास मठाच्या वेठीस जावें, रानांत डुकरें चारण्याबद्दल द्राक्षारस द्यावा, दर तिसऱ्या वर्षीं कुंपणासाठीं १०० फळ्या द्याव्या. शिवाय ३ कोंबड्या व १५ अंडीं. अंडींसुद्धां मोजिलेलीं! बोदोचीं मुलेंही दफ्तरांत मोजिलीं आहेत. परंतु 'सर्वांच्या' या शब्दांत तीं धरिलेलीं नव्हतीं. मठवासी 'मी' म्हणावयास भीत असे, 'आम्ही' म्हणावयास भीत नसे.

यावर मठवासी म्हणत कीं, हें धन गरिबांचें आहे, आम्ही केवळ कारभारी. हें उत्तर अगदींच पोकळ नव्हतें. कॉर्बी येथील मठाधिपति अदलहार्द यानें सन ८२२ मध्यें ठरविलें कीं, दारीं येणाऱ्या गरिबांसाठीं मिश्र धान्याच्या ४५ भाकरी रोज असाव्या, प्रत्येक साडेतीन रत्तलांची. रात्रीं राहणाऱ्या १२ जणांस एकेक, व सकाळीं वाटेसाठीं आणखी अर्धी. वाटसरूच्या सकाळच्या भुकेचा विचार ज्यानें केला, त्याचें अंतःकरण कठीण होतें असें मी म्हणणार नाहीं. मात्र असें धान्य पिकवावयास बोदोसारखींच कुळें राबत असत, आणि देणाऱ्याचें पुण्य मठाच्या नांवें जमा होई.

सन १०९८ मध्यें सीतो येथें कांहीं मठवासी ओसाड रानांत जाऊन राहिले. त्यांच्या पंथानें कुळांचा खंड व दशमांश घेण्याचें नाकारिलें, व स्वतः नांगर धरिला. पुढें शंभर-दीडशें वर्षांत त्यांचेही मठ खंड घेऊं लागले.