नमुना खरा, तर आकडा खरा

वाशिम जिल्ह्यात चुनखडीच्या काळ्या रानात पाऊस लागून राहिला की सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे ते पिकाच्या हाती लागत नाही. जस्ताचेही तेच. मग शेतकरी दुकान गाठतो, दुकानदार बाटली काढून देतो. मातीला मात्र कोणी विचारत नाही.

मातीला विचारायची रीत आहे. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडले की ती पिवळीधमक होते. ही सोडियमची खूण. तापलेल्या प्रत्येक धातूचा प्रकाश असा वेगळा ओळखता येतो. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांना १८६० मध्ये सीझियम हा धातू सापडला तो अशाच प्रकाशातल्या रंगरेषांवरून. आजचा फ्लेम फोटोमीटर मातीतला पालाश याच तत्त्वावर मोजतो. मोठ्या प्रयोगशाळांतल्या आयसीपी यंत्रात मातीचा अर्क हजारो अंश तापलेल्या आरगॉन वायूत फवारतात. तिथे जस्त २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश देते. डोळ्यांना तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. तो जितका प्रखर, तितके जस्त जास्त.

पण मोजायचे असते किती? किलोभर मातीत पिकाला घेता येईल असे जस्त ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की कमतरता मानतात. हेक्टरभर रानाच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. त्या हिशेबाने एवढ्या मातीत हे जस्त जेमतेम सव्वा किलो!

इतक्या बारीक मोजमापात गंजक्या फावड्याने नमुना काढला तर लोहाचा आकडा फुगतो, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती गोळा केली तर जस्ताचा. उकिरड्याजवळची माती उचलली तर अहवाल उकिरड्याचा येतो. यंत्र समोर ठेवलेल्या मातीबद्दलच बोलते. उत्तर नेमके हवे, तर विचारणेही तितकेच प्रामाणिक हवे.

मृद आरोग्य पत्रिकेवर जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन यांचे आकडे असतात. ते आपल्याच शेताचे असावेत म्हणून यंदा पेरणीआधी लाकडी खुंटीने आठ-दहा ठिकाणची माती काढा, प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बाटली घ्यायची की नाही, ते अहवाल हाती आल्यावर ठरवा.