किल्ली आणि नाव

नवी मुंबईत नेरूळ, वाशी किंवा कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न सध्या याच रूपात उभा राहतो. घरात नवी गाडी आली आहे. एम.एच. 43 नंबरची दहा-बारा वर्षांची जुनी छोटी गाडी विकली तर हाती फारसे काही येणार नाही. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्याकडे लायसन्स आहे. वडील म्हणतात, ‘‘अगं, आता ही तुझीच. आरसी राहू दे माझ्या नावावर, कशाला आरटीओच्या खेपा?’’ मुलगी विचारी असेल, तर आनंद ओसरल्यावर विचारील, ‘‘बाबा, माझी म्हणजे नक्की कशी?’’ या प्रश्नात कृतघ्नपणा नाही. माझ्या मते घरात याच क्षणी विचारायला हवा असा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. गाडी घ्यायची तर तिने ती नावासकट घ्यावी. ते जमणार नसेल तर गाडी बाबांचीच राहू द्यावी आणि लागेल तेव्हा मागून न्यावी. या दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे वापर एकीचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, वरवर सोयीची दिसते, पण ती दोघांवरही अन्याय करते आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसावर सर्वांत जास्त.

आधी हक्काचे पाहू. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. महाराष्ट्रात वारसाहक्काचा विचार शतकानुशतके तिच्याच आधाराने झाला. वडिलोपार्जित मालमत्तेत अपत्याचा हक्क जन्मापासूनच असतो, हा तिचा प्रसिद्ध सिद्धान्त. तो हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींनाही दिला. पण बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी वडिलोपार्जित नाही, ती स्वकष्टार्जित आहे. तिच्यावर मुलीचा जन्मसिद्ध हक्क नाही, म्हणून ती मिळाली तर दान म्हणूनच मिळू शकते. आणि दानाबद्दल आपले जुने शास्त्र फार नेमके बोलते. देणाऱ्याने आपले स्वामित्व सोडले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वामित्व उत्पन्न झाले पाहिजे. यातले एक झाले आणि दुसरे राहिले, तर ते दान पुरे होत नाही. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही स्वीकाराशिवाय दान मानत नाही. शिवाय एकाच दानात काही वस्तू बोजासकट असतील, तर त्या वगळून बाकीच्या तेवढ्या उचलता येत नाहीत, असेही तो सांगतो. तो नियम अनेक वस्तूंच्या दानासाठी आहे, पण त्यामागचा विचार एका गाडीलाही लागू पडतो: किल्ली घ्यायची आणि बोजा ठेवून जायचे, असे करता येत नाही.

हा बोजा कोणता, ते मोटार वाहन कायदा सांगतो. 1988 च्या या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण नोंदणीवरचे नाव कुणी बदललेच नव्हते. अपघात झाल्यावर न्यायालयाने भरपाईची जबाबदारी टाकली ती पहिल्याच, नोंदणीकृत मालकावर. गाडी तेव्हा त्याच्या ताब्यात उरलीही नव्हती, तरीही. उलट बाजूने 2009 चा एक निकाल पाहा. उसनी मोटारसायकल चालवताना एकाचा मृत्यू झाला. चालवताना तो मालकाच्याच जागी उभा होता, म्हणून त्याच्या वारसांना मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम 163अ खाली भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे नाव ज्याचे त्याच्यावर दुसऱ्याच्या चुकीचा भार, आणि चालवणाऱ्याला मालकाच्या अडचणी मात्र मालकी नाही. ‘तुझीच, पण माझ्या नावावर’ या वाक्याने बाप आणि लेक नेमके या दोन जागी जाऊन उभे राहतात.

रोजच्या पातळीवर हेच ई-चलनातून दिसते. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि दंडाचा संदेश जातो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. सिग्नल मुलीने तोडला आणि फोन वाजला बाबांचा, तेव्हा बाबांसमोर दोनच वाटा असतात. कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, म्हणजे त्यांनी लेकीचे नाव द्यावे. नाहीतर गुपचूप दंड भरून टाकावा. बहुतेक वडील दुसरी वाट घेतील, आणि ते प्रेमानेच. पण त्या प्रेमामुळे चूक आणि तिचा परिणाम यांची गाठच पडत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला दोषी धरणारे कलम 199अ 2019 मध्ये कायद्यात आले, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. त्याचा गर्भितार्थ असा की अठरानंतर चुकीचे उत्तर चालवणाऱ्याने द्यायचे. लायसन्स मुलीच्या नावे देऊन राज्याने तिला प्रौढ मानले. आरसी आपल्या नावावर ठेवून घर मात्र तिला लहानच ठेवते.

इथे घरातून पहिला आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘‘आपल्यात असा हिशेब असतो का? घरच्या माणसांत माझं-तुझं करायचं म्हणजे जिवंतपणी वाटणी मांडण्यासारखंच.’’ घराच्या चार भिंतींत हे मला पूर्ण मान्य आहे. फ्रिज कुणाचा, टीव्ही कुणाचा, असे विचारणारे घर दुःखीच असेल. पण गाडी घराबाहेर पडते. पाम बीच रोडवर वेगात जाणाऱ्या गाडीसमोर जो येतो, तो आपल्या कुटुंबातला नसतो. त्याला आपल्या घरातल्या मायेशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त एवढेच कळायला हवे की उत्तर कोण देणार. नाव बदलणे हे बाप-लेकीतले अंतर नाही, तो त्या अनोळखी माणसाशी केलेला करार आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. ‘‘ती शिकतेय, कमवत नाही. नाव बदललं की माझा नो क्लेम बोनसही जाणार.’’ बोनस मात्र कुठे जात नाही. तो गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली, तर बाबा तो आपल्या नव्या गाडीकडे नेऊ शकतात, आणि स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर त्याची सवलत 50 टक्क्यांपर्यंत असू शकते. मुलीला मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागेल, हे खरे. पण तसेच व्हायला हवे, कारण बाबांनी इतकी वर्षे सांभाळून गाडी चालवली त्याचे श्रेय तिचे नाही. कमाई नसल्याचा मुद्दा अधिक खरा आहे. तरी 2022 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता 2,094 रुपये अधिक कर इतका होता. शिकवण्या घेणाऱ्या किंवा इंटर्नशिपचे मानधन मिळणाऱ्या मुलीला एवढा भाग उचलता येतो. पेट्रोलला बाबांनी मदत केली तर बिघडत नाही, मात्र विमा, पीयूसी आणि दंड तिचे. मालक होणे म्हणजे सगळे एकट्याने भरणे नव्हे, शेवटी उत्तर देणारे आपण आहोत हे मान्य करणे होय. जुन्या गाडीचा पुढचा खर्चही आधीच समोर ठेवायला हवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एबीएस आणि चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती 2019 मध्ये, म्हणजे त्याआधीच्या गाडीत ती असतीलच असे नाही. हे वाचूनही ती ‘हो’ म्हणाली, तर तो खरा स्वीकार.

तिसरा आक्षेप या शहराकडूनच येतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, 1970 मध्ये ते उभारायला सिडको ही सरकारी कंपनी आली, आणि शहराचे नोड म्हणजे विभाग आखले गेले ते सार्वजनिक वाहतुकीच्या आधाराने. 1992 मध्ये लोकल वाशीला पोहोचली, पुढे ठाण्याशी जोडणी झाली, नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. सेक्टरांतले रस्ते दोन्ही बाजूंनी उभ्या गाड्यांनी आधीच अरुंद झाले आहेत. मग विद्यार्थिनीला गाडी हवीच कशाला? उत्तर प्रत्येक घरात वेगळे असेल. तळोज्याच्या बाजूला राहून रात्री उशिरा परतणारीचे वेगळे, सानपाड्यात स्टेशनला लागून राहणारीचे वेगळे. पण प्रामाणिक उत्तर तेव्हाच मिळते, जेव्हा ठरवणारी आणि भरणारी एकच असते. विमा, दुरुस्ती, सोसायटीतल्या दुसऱ्या पार्किंगचे पैसे हे सगळे बाबांच्या खात्यातून जात असेल, तर गाडी फुकट वाटते आणि सवलतीचा रेल्वे पास महाग. नाव तिचे झाले की ती पहिल्यांदाच दोन्हींची खरी तुलना करील. कदाचित तुलनेनंतर गाडी विकायलाच काढील, आणि तो अधिकारही तिच्याकडे असेल.

उरतो वडिलांचा, क्वचितच उघड बोलला जाणारा आक्षेप. ‘‘नाव माझं असलं की मला विचारता येतं, कुठे चाललीस, कधी येशील.’’ यातली काळजी खरी आहे, तिला नियंत्रणाची हाव म्हणून झटकून टाकणे चूक ठरेल. पण मग बाबांनी म्हणावे, ‘‘गाडी माझी आहे, तुला लागली की घेऊन जा.’’ यात काहीच कमीपणा नाही. मागून नेलेल्या गाडीबद्दल विचारण्याचा त्यांना हक्क आहे, तिला सांगण्याचे बंधन आहे, आणि दंड आला तर तो तिच्याकडून मागायलाही संकोच नको. ‘तुझीच’ म्हटल्यावर मात्र हा हक्क सोडावा लागतो. दिलेल्या वस्तूवर अदृश्य दोर ठेवला, तर मुलगी एक दिवस खोटे सांगायला शिकते आणि बाप एक दिवस मोबाइलवरच्या चलनातून तिचा दिवस वाचू लागतो. नाव बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरायला, चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायला, आरसीवर तिचा मोबाइल नंबर घालायला जे थोडे दिवस लागतात, तेवढ्यात दोघांनी एवढेच ठरवायचे आहे, की यातली कोणती व्यवस्था आपल्याला खरोखर पेलते. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, अजून वर्षभर तुझीच राहू दे, मी मागून नेईन,’’ तर तेही पूर्ण उत्तर आहे.