आधी ऐकलेली वेल

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांतून आणि करवंदीच्या जाळ्यांतून कळलावी वर चढते. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. फूल जुने होते तशा त्या लालबुंद होत जातात. फुलाने भुललेल्या माणसाची नजर मात्र पानाकडे जात नाही आणि खरी खूण तिथेच आहे. कळलावीला वेगळा तणावा फुटत नाही. पानाचे टोकच लांब होऊन आधाराला विळखा घालते.

या वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते, कंदात आणि बियांत विशेष. कंद रताळ्यासारखा दिसतो. श्रीलंकेत खाण्याचा कंद समजून तो उकडून खाल्ल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव खचत जातो. जे वाचतात त्यांचे केस पुढे गळतात.

कधीही न पाहिलेली वनस्पती माणूस ओळखतो तरी कशी? हा प्रश्न न्यायदर्शनात अगदी नेमका विचारलेला आहे. गवय हे रानटी जनावर गाईसारखे असते असे रानातल्या माणसाकडून ऐकलेला नगरवासी पुढे गवय पाहतो आणि ओळखतो, हा प्रसिद्ध दाखला. वात्स्यायनाने न्यायभाष्यात त्याच्या जोडीला वनस्पतींचेही दाखले दिले: मुगासारखी मुद्गपर्णी, उडदासारखी माषपर्णी. औषधासाठी रानात गेलेला माणूस हे ऐकलेले आठवतो आणि नेमकी तीच वनस्पती घेऊन येतो. नैयायिकांनी या ज्ञानाच्या साधनाला उपमान म्हटले आणि प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांच्या पंक्तीत बसवले.

मग रताळ्यासारखा कंद खाऊन माणूस मेला, तर उपमान फसले म्हणायचे का?

नाही. त्या माणसाजवळ साम्य होते, ऐकलेले वाक्य नव्हते. जाणत्याने आधी सांगितलेले आणि आता समोर दिसणारे, ही दोन्ही एकत्र आली तरच उपमान होते. नुसते साम्य पाहून घेतलेला निर्णय शिंपल्याला चांदी समजण्याच्या जातीचा, म्हणजे भ्रम. मोबाइलवरच्या चित्राशी पान ताडून पाहणाऱ्यालाही हा भेद लागू पडतो. चित्र सारखेपणा दाखवते; हा कंद खाऊ नकोस, हे ते सांगत नाही.

वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी उपमानाला वेगळे स्थान नाकारले, ते आप्तवचनातच, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दातच, मोडते असे मांडले. पण वचन घरी ऐकले तेव्हा ऐकणाऱ्याला वेल ओळखता येत नव्हती. ते नाव कोणाचे, हे कळले रानात, ती समोर आल्यावर. म्हणून इथे नैयायिकांचे म्हणणे जास्त पटते.

न्यायाचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी आणखी एक बारकावा टिपला: वेगळेपण ऐकूनही ओळख पटते. बेढब उंटाचे वर्णन ऐकलेला दाक्षिणात्य उंट पाहताच ओळखतो, तसे. विषारी वेलीसाठी हाच दाखला मोलाचा. खाण्याच्या करांद्याचे पान हृदयाकृती, त्याला तणावा नाही, त्याचे खोडच आधाराभोवती फिरते. कळलावीचे पान लांबट, शिरा समांतर. तिचा कंद नांगरासारखा वाकलेला आणि दुभंगलेला असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात.

पावसाळा संपला की फूल, पान, विळखा सगळे वाळून जाते. माघात खणणाऱ्याच्या हाती येतो तो फक्त कंद.