जवळ आणणे आणि जवळ जाणे

माझ्या कपाटात दोन कॅमेरे शेजारी शेजारी असतात. एक थोरला, एक धाकटा. थोरला म्हणजे निकॉनचा डी ७००. कंपनीने तो २००८ साली बाजारात आणला आणि मी २०११ साली एका व्यावसायिकाकडून वापरलेला घेतला. त्याच्या जिवावर मी परभणीत आणि आसपासच्या तालुक्यांत किती लग्ने लावली (म्हणजे, फोटोत लावली!) याचा हिशेब माझ्यापाशी नाही. धाकटा आला २०१९ च्या दिवाळीत. पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याने ओवाळणी उलटी फिरवली आणि कॅननचा एसएक्स ७४० माझ्या हातात ठेवून म्हणाला, "काका, आता ते धोंडं वाहणं पुरे. हा खिशात घाला आणि हिंडा."

धोंडा हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता. थोरल्याचे नुसते अंग एक किलोला पाच ग्रॅम कमी; त्याला माझे ८० ते २०० मिलिमीटरचे भिंग लावले की गळ्यात सव्वादोन किलोंहून अधिक ओझे लोंबकळते. धाकटा सगळा मिळून २९९ ग्रॅमचा. शिवाय थोरल्याच्या चित्रात १ कोटी २१ लाख बिंदू, धाकट्याच्या चित्रात २ कोटींहून अधिक. थोरल्याचे भिंग २०० वर येऊन थांबते. धाकट्याचे चाळीस पट लांबते आणि थोरल्याला ९६० मिलिमीटरचे भिंग लावले असता जेवढे जवळचे दिसेल, तेवढे जवळचे दाखवते. शाळेच्या गुणपत्रिकेसारखा तक्ता मांडला, तर धाकटा पहिल्या वर्गात उत्तीर्ण आणि थोरला जेमतेम काठावर.

पण ज्याने आयुष्यभर हा धंदा केला त्याला आकड्यांच्या मागचे आकडे ठाऊक असतात. थोरल्याच्या पोटात प्रकाश झेलणारी पाटी ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद आहे. धाकट्याची करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळाने पाहिले तर तीस पटींचे अंतर. एवढ्याशा पाटीवर दोन कोटी बिंदू दाटीवाटीने बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश येणार तो किती? लांबवरचे टिपताना त्याच्या भिंगाचे तोंडही आक्रसते आणि माझ्या मोठ्या भिंगाच्या मानाने पाटीच्या प्रत्येक कणावर सहावा हिस्सा प्रकाश पडतो. म्हणून दिवेलागणीला धाकट्याचे चित्र रवाळ होते, रांगोळी फिसकटल्यासारखे दिसते. आणि त्याच वेळी थोरला समईच्या उजेडात आजीच्या गालावरची सुरकुतीसुद्धा मऊपणे उचलतो. गंमत अशी, की धाकट्याचे दूरवर पाहणे हे त्याच्या लहान पाटीचेच देणे आहे. पाटी लहान, म्हणून १७२ मिलिमीटरचे भिंग तिला ९६० चे काम देते. उणेपणातून आलेली ही शक्ती आहे.

इथवर सगळा व्यवहाराचा प्रश्न झाला. उजेड कमी असेल तर थोरला न्यावा, पाय दुखत असतील तर धाकटा. पण गेली काही वर्षे मला छळतो आहे तो प्रश्न निराळाच आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही.

आमचा स्टुडिओ वडिलांनी काढला, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे वडिलांचे दैवत. वडिलांचा कॅमेरा तिवईवरचा. डोक्यावर काळे कापड घेऊन ते आत शिरत. समोरच्या माणसाला आपला फोटो निघतो आहे हे न कळणे शक्यच नव्हते. तो टोपी सारखी करी, श्वास रोखी, मुलाला दरडावी. वडील म्हणत, "लांबून फोटो काढणं म्हणजे रस्त्यावरून हाक मारून जेवायला बोलावणं. घरात जावं, पाण्याचा तांब्या घ्यावा, मग कॅमेरा काढावा." तेव्हा मला हा जुन्या माणसांचा वेल्हाळपणा वाटे.

धाकट्याने प्रथम वडिलांनाच खोटे पाडले. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. हिवाळ्यात तिथल्या पाण्यावर परदेशी पाखरे उतरतात. थोरला गळ्यात घालून मी तिथे अनेकदा गेलो होतो. दोनशेच्या भिंगात पक्षी मोहरीएवढा दिसे, म्हणून मी चिखलातून पुढे सरकत असे. आणि चार पावले टाकली न टाकली तोच चक्रवाकांची जोडी ओरडत उठून पलीकडच्या काठाला जाई. हजारो कोस उडून आलेल्या पाखरांची विश्रांती मी मोडत होतो आणि त्याला छंद म्हणत होतो. धाकटा आल्यावर मी एका बाभळीखाली बसून राहिलो. चक्रवाकाने मान वळवून चोचीने पाठीची पिसे नीट केली, ती सगळी मी पाहिली. आणि मी आहे हे त्याच्या गावीही नव्हते. त्या दिवशी वाटले, दूर राहणे हीसुद्धा एक सभ्यता आहे. वडिलांना पाखरांचे फोटो काढायचे नव्हते, एवढेच.

मग गंगाखेडची गोष्ट घडली.

गंगाखेड जनाबाईचे गाव. गोदावरीच्या घाटावर तिथे लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात, दहावे करतात. कार्तिकातली सकाळ होती. मी वरच्या पायरीवर बसलो होतो आणि दीड-दोनशे हातांवर खाली पाण्याशी दहा-बारा माणसांचा एक घोळका होता. त्यांत एक मुलगा. तेरा-चौदा वर्षांचा असेल. नुकतेच डोके भादरलेले, अंगावर ओले पंचे. समोर पिंड मांडलेला आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता. वडीलधारे त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत. तो हात जोडी, ओठ हलवी आणि पुन्हा वर पाही. गेलेल्या माणसाला तो कसले वचन देत होता कोण जाणे! मी धाकटा काढला, भिंग लांबवले आणि ते पोर माझ्या पुढ्यात आले. पापणीवरचे पाणी दिसले. वर वळलेले डोळे दिसले. आवाज बंदच होता. मी बटण दाबले.

खोटे कशाला सांगू, चाळीस वर्षांच्या धंद्यात मी असा फोटो काढला नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, स्पर्धेला पाठवा." ओळखीच्या एका संपादकाने स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी मागितला. मी मोठा छापून घेतला आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवला. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती दिवा लावायला आल्या, थबकल्या, पदराने हात पुसून त्यांनी तो उचलला.

"हे लेकरू कोणाचं?"

"ठाऊक नाही."

"गेलं कोण, बाप का माय?"

"तेही ठाऊक नाही."

त्या जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आपल्या घरात कसं आलं हे?"

एवढेच बोलून त्यांनी फोटो पालथा ठेवला आणि दिवा लावला.

त्या रात्री मी माझ्या बाजूने पुष्कळ वकिली केली. पहिला मुद्दा असा, की माणसाला कळले की त्याचा चेहरा बदलतो. परभणीच्या उरुसात मी एका बांगडीवालीवर थोरला रोखला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "थांबा साहेब, पदर तर घेऊ द्या." पदर आला, हसू आले, आणि बांगड्या भरताना तिच्या कपाळावर जी बारीक आठी होती ती गेली. मग खरा चेहरा कोणता? न कळता टिपलेला की समोर धरलेला? गंगाखेडचे पोर खरे होते. त्यात तसूभर बनाव नव्हता.

मुद्दा वजनदार आहे, पण त्याने मला झोप लागली नाही. एखादे पत्र खरे असते म्हणून ते उघडून वाचण्याचा हक्क मिळत नाही. ते डोळे वर वळले होते ते कावळ्यासाठी, गेलेल्या माणसासाठी, माझ्यासाठी नव्हे. बांगडीवालीने मला थोडे कमी दिले असेल, पण जे दिले ते तिने दिले होते.

दुसरा विचार थोरल्याच्या बाजूचा. वाटले, त्या दिवशी तो गळ्यात असता तर मला पायऱ्या उतरून खाली जावे लागले असते. दहा हातांवरून त्या पोराने माझ्याकडे पाहिले असते, आरशाचा खट्‌ असा आवाज झाला असता, आणि माझे बोट आपोआप थांबले असते. म्हणजे ते सव्वादोन किलो हीच माझी सदसद्विवेकबुद्धी होती की काय? पण हेही पुरते खरे नाही. याच थोरल्याने, अगदी तीन हातांवरून, सासरी निघालेल्या एका मुलीला मी म्हटले होते, "ताई, रडताना जरा इकडं बघा." तिने बघितले बिचारीने! जवळ गेलो म्हणून माझ्यातला उर्मटपणा कमी झाला नव्हता. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईत शिकल्या, अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा सांभाळत दिल्लीत नाव कमावले, आणि १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचाच. नव्या छायाचित्रकारांना रीतभात उरली नाही, असे कारण त्या सांगत. तेव्हा हा धाकटा जन्मायचा होता. रीत मोडायला माणसाला खिशातल्या कॅमेऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

मग दोष कशात? येलदरीला मी दूर बसलो, गंगाखेडलाही दूरच बसलो. कॅमेरा तोच, अंतर जवळपास तेच. एक सभ्यता आणि दुसरी चोरी, हे कसे?

पुष्कळ दिवसांनी मला एवढेच उमगले, की त्या अंतराने कोण वाचले हे पाहावे. येलदरीला माझ्या दूर राहण्याने पाखरू वाचले. त्याला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून लांब राहणे हेच माझे विचारणे होते. गंगाखेडला मुलगा वाचला नाही. त्याचे दुःख मी हवे तेवढे घेतले. वाचलो तो मी. त्याच्या नजरेपासून, त्याच्या काकाच्या "काय हो, काय चाललंय?" या प्रश्नापासून, त्याच्या शेजारी दोन मिनिटे गप्प बसण्याच्या अवघडलेपणापासून. भिंगाने त्याला माझ्याजवळ आणले. मी त्याच्याजवळ गेलो नाही. या दोन्ही क्रियांना आपण 'जवळ' हा एकच शब्द वापरतो, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. आता तर प्रत्येकाच्या हातात असे भिंग आहे. दिवाळीला लेकीसुना, नातवंडे पडद्यावर इतकी जवळ येतात, की त्यांच्याकडे जाण्याचे तिकीट काढायचे राहून जाते. पडद्याची तक्रार नाही. न येणाऱ्यापेक्षा तेवढे आलेले बरे. पण तिकीट कोणाच्या सोयीसाठी राहिले, हे मनाशी विचारावे.

तो फोटो मी स्पर्धेला पाठवला नाही आणि स्मरणिकेलाही दिला नाही. संपादक थोडे रुसले. पुसून मात्र टाकलेला नाही. पुसून टाकला तर मी काय केले होते याचा पुरावाच नाहीसा होईल, आणि मग विसरणे फार सोपे.

गेल्या कार्तिकात पुन्हा गंगाखेडला गेलो. धाकटाच खिशात होता. गुडघ्यांना आता थोरला झेपत नाही. या वेळी पायऱ्या उतरून खाली जाऊन बसलो. कॅमेरा काढलाच नाही. शेजारी एका म्हातारीचे दहावे चालले होते. कावळा शिवला, मंडळी सैलावली, कोणीतरी मला चहा दिला. परभणीत माझा स्टुडिओ होता हे बोलण्यात निघाले, तसे त्यांच्यातले थोरले गृहस्थ म्हणाले, "मग आमचा एक फोटू काढा की. माय होती तोवर पाच भाऊ एका जागी कधी आलोच नाही."

सहा हातांवरून काढला. भिंग एक सूतही लांबवावे लागले नाही. फोटो अगदी साधा आला आहे; धाकट्या भावाचे डोळे मिटलेले आहेत आणि मधल्याच्या पंचावर माझीच सावली पडली आहे. पाच प्रती छापून त्यांच्या गावी पाठवल्या, सहावी घरी ठेवली.

संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी ती हातात घेतली. "ही कोण माणसं?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि डावीकडच्यापासून एकेकाचे नाव सांगू लागलो.