जिम रीव्ह्जसाठी मागणे

हे दयाळू पित्या, आज 2 नोव्हेंबर, मेलेल्या सगळ्या भाविकांच्या आठवणीचा दिवस. सिमेट्रीत आमच्या माणसांच्या कबरींवर आम्ही फुले घातली, मेणबत्त्या लावल्या, एकेकाचे नाव घेऊन तुझ्यापाशी शांती मागितली. एक नाव मागे राहिले आहे. त्याची कबर आमच्या कुठल्याच धर्मग्रामात नाही. ती अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, कार्थेज गावाबाहेर महामार्गाच्या कडेला आहे. तो आमच्या नात्यातला नव्हता, पंथातलाही नव्हता. मेलेल्यांसाठी असे मागणे मागावे की नाही, यावरून त्याच्या लोकांचे आणि आमचे काही शतकांचे भांडण आहे. ते तू बघून घे. जेम्स ट्रॅव्हिस रीव्ह्ज, ज्याला जग जिम म्हणत राहिले, त्याच्यासाठी आम्ही तुझ्यापुढे उभे आहोत.

प्रभो, आधी आभार मानू दे. 20 ऑगस्ट 1923 ला टेक्सासमधल्या पनोला परगण्यात, गॅलोवे नावाच्या खेड्यात तू त्याला जन्माला घातलेस. तो तान्हा असतानाच बाप गेला. हातात गिटार लवकर आली, पण जीव बेसबॉलवर होता. सेंट लुईस कार्डिनल्सच्या खालच्या फळीतल्या संघांत तो चेंडूफेक करायचा. पुढे वरच्या संघात जाईल, नाव काढील, असे वाटत असतानाच पायाकडे जाणारी नस दुखावली आणि खेळ संपला. त्या दिवशी त्याने तुला काय काय ऐकवले असेल, ते तुझे तुला ठाऊक.

त्या दुखावलेल्या नसेबद्दल आज आम्ही तुझे आभार मानतो. हे निर्दयपणाचे वाटेल, पण खरे आहे. मैदान सुटले म्हणून तो रेडिओकडे वळला. श्रीव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच केंद्रावर निवेदक झाला. लोक तिथे त्याला आधी बोलताना ऐकत होते, गाणे मागून आले. शब्द पुरता उच्चारायचा, शेवटचे अक्षर गिळायचे नाही, घाई करायची नाही, ही सवय त्याला माइकपुढे बसून लागली असणार. त्याचा केवढा उपकार आमच्यावर झाला! ज्यांचे इंग्रजी शाळेच्या पाठ्यपुस्तकाबाहेर गेले नव्हते, अशा आमच्या वडीलधाऱ्यांना इतर इंग्रजी गाणी म्हणजे नुसता गलबला वाटे. जिमचे गाणे मात्र त्यांना शब्दन् शब्द कळे. रेडिओ सिलोनवर लागले की पेन्सिल घेऊन ते उतरवून काढणारे काका आमच्यात होते. इंग्रजी शिकवल्याचे श्रेय ते शाळेतल्या मास्तरांना कधी देत नसत, जिमला देत.

त्याला तू लगेच आजचा जिम केले नाहीस, हेही बरे केलेस. 1953 मधले त्याचे पहिले मोठे गाजलेले गाणे 'मेक्सिकन जो'. ते चढ्या आवाजातले, उडत्या चालीचे, त्या काळातल्या कंट्री गाण्यांच्या रिवाजाला धरून होते. चांगले आहे. पण ते ऐकून वसईतले, बांद्र्यातले, मडगावातले कुणी त्याच्या नादी लागले असते, असे मला वाटत नाही. 1957 साली 'फोर वॉल्स' आले आणि सगळे बदलले. गाणे बाईने गावे असेच आहे, असे त्याचा निर्माता चेट ॲटकिन्स याचे आधी मत होते. जिमने हट्ट धरला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो माइकला जवळजवळ ओठ टेकवून उभा राहिला आणि आवाज उतरवून, खालच्या पट्टीत, शेजारी बसलेल्याला सांगावे तसा गायला. फिड्ल आणि स्टील गिटारचा ठसका मागे सरला, पियानो आणि कोरसचे हलके आवाज पुढे आले. नॅशव्हिलमधल्या या वळणाला पुढे नॅशव्हिल साउंड असे नाव पडले. जुन्या रसिकांनी नाके मुरडली, कंट्रीचा गावरानपणा गेला म्हणाले. त्यांचेही अगदीच चूक नव्हते. पण पित्या, हजारो मैलांवरच्या, ती माती कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरात तो शिरला, तो या उतरवलेल्या आवाजामुळेच.

मग ते टेलिफोनचे गाणे, 'ही'ल हॅव टू गो'. जो आणि ऑड्री ॲलिसन या नवरा-बायकोने लिहिलेले. ऑड्रीचा आवाज मुळातच बारीक, फोनवर ऐकू येत नसे, त्यावरून नवऱ्याला ते सुचले असे सांगतात. एक माणूस गजबजलेल्या बारमधून फोन करतो, पलीकडे तिच्याजवळ दुसरा कुणी आहे, आणि आता काय ते तिने ठरवायचे आहे, एवढीच गोष्ट. 1959 च्या अखेरीस ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर, भरीचे म्हणून आले. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली आणि 1960 मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत ते 14 आठवडे पहिल्या जागेवर बसले. गंमत अशी, प्रभो, की आमच्याकडे ज्यांच्या काळजात हे गाणे रुतले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी फोनच नव्हता. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघायची. तोवर वाण्याचा नाहीतर डॉक्टरांचा नंबर पत्रिकेवर छापायचा, पुढे कंसात 'पीपी'. निरोप आला की त्यांचा पोरगा धावत यायचा आणि आपण दुकानात, दहा गिऱ्हाइकांच्या देखत, ओरडून बोलायचे. प्रेमाचे काय बोलणार कपाळ! त्या पिढीला जिमने फोनवर हळू बोलण्याची चैन दाखवली. भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो इंडियन घरांपासून बांद्र्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांपर्यंत, लग्नाच्या हॉलमध्ये बँडने हे गाणे धरले की म्हातारी जोडपी खुर्च्या सरकवून उठायची. त्यांतली बरीचशी आता तुझ्याकडेच आहेत. त्यांना विचार.

नाताळचे तर काय सांगू? 1963 साली त्याची 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' ही तबकडी आली. त्याने पाहिलेला तो शेवटून पहिला नाताळ, म्हणजे शेवटचाच. डिसेंबर लागला की गोठ्यासाठी गवत आणायचे, कंदील टांगायचा आणि ती तबकडी, मागाहून कॅसेट, लावायची. आमच्या उकाड्यात, नारळीच्या झावळ्यांखाली तो बर्फातल्या घंटांचे गात असे आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नसे. 'ॲन ओल्ड ख्रिसमस कार्ड' लागले की आखातात नोकरीला गेलेल्या मुलाची आई स्वयंपाकघरात निघून जायची. 'सेन्योर सांता क्लॉज'मध्ये तो गरीब पोराच्या तोंडून बोलतो, ते आम्हा लहानांचे लाडके. मधल्या पोल्कावर सगळे घर नाचायचे, धाकट्या आत्यासुद्धा, ज्या एरवी कुणाच्या लग्नातही जागच्या हलत नसत. आमचे फादर एकदा म्हणाले, की आगमनकाळात खरे तर उपवास आणि मौन पाळायचे असते, तुम्ही जिम रीव्ह्ज पाळता. रागाने म्हणाले नव्हते. त्यांच्या खोलीतूनही तोच ऐकू यायचा.

पित्या, आम्ही त्याला संत करून तुझ्यासमोर आणलेले नाही. 'जंटलमन जिम' हे त्याचे बिरुद. पण कामात तो काटेकोर आणि तापट होता, वादकांना त्याचा धाक असे. आणखी एक गोष्ट मनात टोचते, ती तुझ्यापासून लपवत नाही. 1962 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे त्याचे अफाट स्वागत झाले, आफ्रिकान्स भाषेत तो गायला, पुढे 'किंबर्ली जिम' नावाच्या तिथल्या चित्रपटात कामही केले. वर्णभेदाचा कायदा तेव्हा ऐन भरात होता. त्याच्या ओठी त्याविषयी निषेधाचा शब्द आल्याचे मी तरी वाचलेले नाही. आणि तरीही आफ्रिका खंडभर, नायजेरियापासून केनियापर्यंत, काळ्या माणसांच्या घरांत त्याच्या तबकड्या वाजत राहिल्या. त्यांनी त्याला आपला मानला. हा हिशेब आम्हाला जमत नाही. तूच काय तो मांड आणि त्यात दया जरा जास्त घाल.

आता तक्रार. 31 जुलै 1964. तुझ्या वेद्यांवर त्या दिवशी संत इग्नेशियसच्या सणाची मिस्सा झाली असेल. जिम आणि त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएल जमिनीच्या एका व्यवहारासाठी आर्कन्सॉमधल्या बेट्सव्हिलला गेले होते, तिथून छोट्या बीचक्राफ्ट विमानाने घरी निघाले. विमान जिमच चालवत होता. नॅशव्हिल अगदी टप्प्यात आले असताना ब्रेंटवुडवर वादळी पावसाने त्यांना गाठले. शेकडो माणसे दोन दिवस रान तुडवत होती, त्यांत त्याच्या बरोबरीचे नावाजलेले गायकही होते. 2 ऑगस्टला अवशेष सापडले. त्याचा 41 वा वाढदिवस त्याच महिन्यात होता. आदल्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच टेनेसी राज्यात, अशाच खराब हवेत तू गायिका पॅट्सी क्लाइनला नेले होतेस. एक आवाज पुरला नव्हता का? ईयोबाने तुला विचारले तेव्हा तू वावटळीतून बोललास. आम्हालाही वावटळच मिळाली, उत्तर काही मिळाले नाही. विचारायचे मात्र आम्ही सोडणार नाही.

तरी तू त्याला पुरता नेला नाहीस, हे मान्य करायला हवे. त्याची बायको मेरी हिने त्याची अप्रकाशित गाणी एकेक करून बाहेर काढली. सिंडी वॉकर हिने लिहिलेले 'डिस्टंट ड्रम्स' त्याने गाण्याचा नमुना म्हणून साधेपणाने गाऊन ठेवले होते. त्याच्यावर मागून वाद्ये चढवली आणि 1966 मध्ये, त्याला जाऊन दोन वर्षे झाल्यावर, ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. बीटल्सच्या इंग्लंडमध्ये, हे विसरू नये. अशी बरीच गाणी आली. काहींवर चढवलेली व्हायोलिने जरा जास्तच झाली, असे माझे मत आहे. 1981 मध्ये तर त्याचा आणि पॅट्सीचा वेगवेगळा ध्वनिमुद्रित झालेला आवाज जुळवून दोघांचे युगुलगीतही निघाले. जिवंतपणी दोघांनी ते एकत्र गायले नव्हते. ती यंत्राची करामत मला आवडत नाही, पण तुझ्याकडे ते दोघे खरोखरच एकत्र गात असतील, तर ते ऐकायला आवडेल.

मेरी 1999 मध्ये गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. तिने सांभाळले ते त्याचे गाणे. तिलाही आमच्या मागण्यात धर. डीन मॅन्युएलला धर. गायकाच्या नावाखाली वादकाचे नाव नेहमीच बुडते, तुझ्या पुस्तकात तरी ते ठळक असू दे.

आणि मागे उरलेल्यांसाठी, प्रभो. ज्यांनी त्याला रेडिओवर ऐकले ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे कान गेले आहेत, पण मुलांनी मोबाइलवर गाणे लावून दिले की ओठ बरोबर हलतात. त्यांना तेवढे तरी ऐकू येऊ दे. गोव्यातल्या, मुंबईतल्या ज्या बँडवाल्यांनी आयुष्यभर लग्नांत त्याची गाणी त्याच्यासारखी म्हणण्याचा प्रयत्न केला आणि स्वतःचे नाव कधी कुणाला सांगितले नाही, त्यांच्या म्हातारपणाची काळजी घे. ज्यांच्या कपाटात त्याच्या कॅसेटी पडून आहेत आणि टेप आता वाजत नाही, त्यांच्या सुनांना त्या भंगारात न टाकण्याची बुद्धी दे.

जिमला तुझ्या घरात जागा दे. आमच्या धर्मग्रामापुरते एकच मागणे शेवटी मागतो. येत्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला कॉयरच्या पोरांना माइक जवळ धरून आवाज उतरवून गाऊ दे, आणि आमच्या स्पीकरवाल्याला ते पटू दे. आमेन.