वहिवाट आणि रास

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन या गावाचे नाव निघाले की अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या त्या श्यामवर्ण मूर्तीचे स्मरण होते, जिच्याखालून पूर्वी घोडेस्वार निघून जाई आणि आता केवळ वस्त्र सरकते, अशी जनश्रुती आहे. तिच्यामागोमाग आठवतो तो दावा, ज्याचा फैसला १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलला करावा लागला. श्वेतांबर आणि दिगंबर या उभय पंथांनी १९०५ मध्ये तीन-तीन तासांच्या पाळ्या ठरवून एकाच देवाची पूजा वाटून घेतली होती. पण वहिवाटीचा प्रश्न असा की घड्याळाने तो मिटत नाही, आणि १९८१ मध्ये दाराला लागलेले कुलूप २०२३ पर्यंत निघाले नाही.

त्याच शिवारात, हरभरा सोंगून होत आलेला आणि गहू ओंबीत पिवळा पडू लागलेला अशा माघ वद्य चतुर्दशीच्या सुमारास, जानगीर महाराज संस्थानात महाशिवरात्रीची यात्रा भरते व महाप्रसाद होतो. तेथे पंगतीला बसणाऱ्यास कोणी दस्तऐवज विचारत नाही. मला वाटते, याचे कारण भक्तीपेक्षा शेतीत अधिक आहे. मूर्तीवर, भिंतीवर, जमिनीवर हक्क सांगता येतो. पिकावर तो सांगताना खुद्द मालकाचीच जीभ अडखळते, कारण पाऊस, किडी आणि गारपीट यांच्या हाती निम्मा व्यवहार असतो. म्हणूनच राशीचे पहिले माप घालताना आमचा जुना शेतकरी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे, आणि बलुतेदारांचे वाटे निघाल्याखेरीज धान्य घरी नेणे अशोभनीय मानी.

अर्थात या उदारतेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही; त्याच खळ्यावर कोणी हात पसरून कोठे उभे राहावे हे जातीने ठरलेले असे, आणि देवळाच्या पायरीचेही तेच होते.

आता तर खुद्द सुगीच पालटली आहे. वऱ्हाडच्या या भागात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. ते मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून थेट अडतीवर जाते, त्याचा नैवेद्य होत नाही, की त्याची पोळी लाटता येत नाही. शेतकऱ्याचे वर्ष ज्या पिकाच्या भावावर तरते वा बुडते, त्याला उत्सवात जागा नाही. देवापुढे मान आहे तो अजून गहू-हरभऱ्यालाच.